एकोणीस नंबर

बबनरावांनी साडेअकराला रेकॉर्डचा खोका उघडला आणि पावणेबारापर्यंत ते कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला माणसाचं मन भरून येणारच, असं समजून त्यांच्या मुलाने, राजेंद्रने, घरात सगळ्यांना खुणेने गप्प केलं. लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात एवढी शांतता याआधी एकदाच पाळली गेली होती, बॉयलर बंद पडला आणि इंजिनियर तो उघडून नुसता बघत बसला तेव्हा.

"आवडला ना, आजोबा?" रचनाला शेवटी राहवलं नाही.

बबनरावांनी एक छोटी काळी रेकॉर्ड वर काढली. तिच्या मधोमध, जिथे साठ वर्षं नाण्याने खरवडलेला पांढुरका डाग होता, तिथे आता गोल गुलाबी स्टिकर होता. त्यावर सुबक अक्षरात गाण्याचं नाव, गायकाचं नाव, साल. कोपऱ्यात इवलंसं हार्टसुद्धा.

"हे कुणी केलं?"

"मी! सरप्राइज!" सव्वीस वर्षांची नात टाळ्या वाजवत आपल्या लंडनी मराठीत म्हणाली. "तुमचा सगळा लेबल खराब झालेला ना, म्हणून मी तीन वीकेंड बसलो. एकेक रेकॉर्ड प्ले केला, फोनला ऐकवला, फोन नाव सांगतो, मग प्रिंट केला. एक्केचाळीसमधले चाळीस झाले!"

"खराब झालं नव्हतं," बबनराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "खराब केलं होतं. मुद्दाम. एकेक करून."

आता हा इतिहास घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, फक्त त्यातलं मर्म कुणी मनावर घेतलं नव्हतं. एकसष्ट साली बबन वाहुळे परळच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्ती शिकून लंडनला आला. विल्सडेनच्या रेल्वे यार्डात नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. गोऱ्यांनी रंग बघून दार लावलं. मग एका आपल्याच देशबांधवाने घरात घेतलं, चहा पाजला, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. शेवटी हार्लेसडेनला जमेकाच्या व्हर्नॉनने दोनच प्रश्न विचारले. घरात शिट्टी वाजवतोस का, कारण माझ्या बायकोला खपत नाही. आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर दुरुस्त करता येतो का.

अँप्लिफायर येत होता, म्हणून बबनचा 'प्रोफेसर बॉम्बे' झाला. पबमध्ये काळ्या माणसाला धड उभं राहू देत नसत, म्हणून दर शनिवारी व्हर्नॉनच्या तळघरात नाच असायचा. त्याला 'ब्लूज' म्हणत. कपाटाएवढे स्पीकर बबनने जोडलेले. जमेकातल्या किंग्स्टनहून पार्सलने रेकॉर्ड यायच्या. रेडिओवर अमेरिकन रिदम अँड ब्लूज ऐकून तिकडच्या पोरांनी ते आपल्या ठेक्यात बसवलेलं, स्का नावाचं तिथलं संगीत जन्मायच्या आधीचं. पलीकडच्या गल्लीत एल्डन पिनॉकची दुसरी साउंड सिस्टिम, म्हणजे असाच स्पीकर-रेकॉर्डांचा ताफा, होती. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून नवी रेकॉर्ड आली की नाव वाचायचं, डोक्यात ठेवायचं आणि लेबल पेनीने खरवडून टाकायचं. डोकावणाऱ्या शत्रूला काही कळता कामा नये. ओळखीपुरता रंगाने एक नंबर घालायचा.

"आणि हिने त्यावर हार्ट छापलं," बबनराव छताकडे बघत म्हणाले.

"बाबा, पोरगी तीन आठवडे मरमर मरत होती," सून धम्मशीलाने लेकीची बाजू घेतली. एका मोठ्या सर्जरीची, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याची, मॅनेजर असल्यामुळे तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "आणि आता कोण चोरणार आहे तुमची नावं? एल्डनकाकाच ना? ते स्वतः अठ्ठ्याऐंशीचे आहेत."

"तोच तर चोरेल! दुपारी येतोय ना तो!"

"दोन वीसला येतील," राजेंद्र कागद बघून म्हणाला. तो कौन्सिलच्या हायवेज खात्यात होता आणि वाढदिवसाचा कार्यक्रम त्याने रस्त्याच्या खोदकामासारखा आखला होता. "दोन वाजता बुद्धवंदना, अडीचला भाषणं, तीन ते तीन वीस म्युझिक. हॉल पाचला रिकामा करायचाय. रेकॉर्ड वाजवायच्यात ना तुम्हाला? मग स्टिकर असलं काय आणि नसलं काय, वाजणार तर तेच."

बबनरावांच्या पत्नी सिंधुबाई टेबलाशी मटणाच्या डब्यांना झाकणं लावत होत्या. जाता जाता त्यांनी खोक्यात एक नजर टाकली. "सातवं चुकलंय," त्या म्हणाल्या आणि किचनमध्ये गेल्या. हे कुणाच्याच कानावर पडलं नाही. या घरात सिंधुबाईंचं बोलणं जेवणाशी संबंधित नसेल तर ते पंख्याच्या आवाजात जमा व्हायचं.

"एक राहिला ना, तो नंबर नाइनटीन," रचना रडवेली झाली होती, तरी काम अर्धवट ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. "फोन म्हणतो, नो रिझल्ट. चार वेळा केला. तुम्ही नाव सांगा, मी आत्ता प्रिंट करतो."

बबनरावांचा चेहरा एकदम उजळला. "नाही कळलं ना त्याला? कळणारच नाही! जगात एकच आहे ती. कंपनीचं लेबलसुद्धा नव्हतं, कोऱ्या कागदावर शाईने नाव लिहिलेलं."

"मग काय नाव?"

"ते सांगायचं नसतं," बबनराव म्हणाले आणि दाढी करायला वर गेले.

बाथरूमचं दार लावून ते कमोडच्या झाकणावर बसले. उभ्या जगात फक्त त्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट अशी होती की एकोणीस नंबरचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. नावं ठेवायचं डोकं व्हर्नॉनचं, प्रोफेसर फक्त वायरी बघायचा. बाकीची नावं हळूहळू इकडून तिकडून कळली. एकोणीस नंबरचं विचारायचं राहून गेलं, आणि एकोणसत्तर साली व्हर्नॉन अठरा नंबरच्या बसमध्ये बसल्या जागी गेला. तेव्हापासून दर ख्रिसमसला एल्डनचा फोन यायचा, "प्रोफेसर, आता तरी सांग." आणि दर ख्रिसमसला प्रोफेसर तृप्त आवाजात म्हणायचा, "नेव्हर, माय फ्रेंड." आयुष्यात त्यांनी यार्डात मुकादमी केली, युनियन चालवली, विहाराला माइक बसवून दिला, पण एखादा माणूस आपल्याकडे साठ वर्षं काहीतरी मागतोय, या गोष्टीची सर कशालाच नव्हती. आणि गेल्या आठवड्यात एल्डनने सांगितलं होतं की मंगळवारी तो कायमचा जमेकाला चाललाय. म्हणजे आज तो शेवटचं विचारणार.

हॉल स्टेशनपासून पाच मिनिटांवर. मेट्रोपॉलिटन लाइनने आलेले, गाडीने आलेले, पार्किंगवर भांडून आलेले मिळून साठेक जण. बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील म्हणताना बबनरावांची जीभ अडखळली. खोटं बोलणार नाही, हे ते गेली साठ-पासष्ट वर्षं दर रविवारी म्हणत आले होते आणि त्यात दरवर्षी एक ख्रिसमस सोडत होते. धम्मशीलाने ते अडखळणं टिपलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "बाबांची शुगर कमी झालीय का?"

पाचवं शील चालू असतानाच दार उघडलं आणि रमचा वास आत आला. मागोमाग एल्डन पिनॉक आले. तपकिरी सूट, तिरकी हॅट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात केकचा भलामोठा डबा. क्रॉयडनहून ट्राम आणि दोन ट्रेन बदलून माणूस पंधरा मिनिटं लवकर पोचला होता. सगळा हॉल मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेत होता आणि एल्डन हॅट छातीशी धरून भक्तिभावाने ओठ हलवत होते.

"रम केक आहे," धम्मशीला पुटपुटली. "भन्तेजींसमोर!"

"भाजल्यावर उडून जाते ती," राजेंद्र म्हणाला.

"मग हा वास कसला येतोय? रूम फ्रेशनरचा?"

"वॉ ग्वान, प्रोफेसर!" वंदना संपताच एल्डन गरजले. जमेकातलं 'काय चाललंय'.

"वॉ ग्वान, एल्डन!" बबनरावही गरजले. बबनरावांचं इंग्रजी तळघरात शिकलेलं. राजेंद्र शाळेत असताना पॅरेंट्स इव्हनिंगला त्यांनी हेडमास्तरला अशीच हाक मारली होती. ती आठवण आली की राजेंद्रचे कान अजून लाल होतात. आत्ताही झाले.

भाषणं झाली. ती जशी व्हायची तशीच झाली. तीनला रचनाने टर्नटेबल लावलं. सकाळपासून आजोबा तिच्याशी बोलले नव्हते, म्हणून ती रेकॉर्ड अशा बेताने धरत होती की अंगठा स्टिकरवर यावा. पहिली रेकॉर्ड लागली. पियानो ठुमकत सुरू झाला, सॅक्सोफोन वर चढला आणि खुर्च्यांवरचे पाय आपोआप हलू लागले. विहाराचे खजिनदार, ज्यांना कुणी हसतानासुद्धा पाहिलं नव्हतं, ते खांदे हलवताना सापडले. धम्मशीलाने केकवरून लक्ष काढून घेतलं, कारण तिचाही पाय चालू होता.

तिसऱ्या रेकॉर्डनंतर एल्डन काठी टेकत मधे आले.

"प्रोफेसर, नाइनटीन लाव."

रचनाने आजोबांकडे पाहिलं. बबनरावांनी मान हलवली. सुई टेकली, आधी भरपूर खरखर, आणि मग ते गाणं आलं. संथ शफल, मागे हटत हटत पुढे येणारा ठेका, आणि एका पोरसवदा गळ्याचा आर्त पण मिश्कील आवाज. गाण्यात नाव घेतलेलं नव्हतं. तो नुसताच कुणाला तरी परत ये म्हणत होता. एल्डन डोळे मिटून उभे राहिले. काठीला धरून ते जागच्या जागी एवढंसं डोलत होते.

गाणं संपलं तेव्हा ते म्हणाले, "त्रेसष्ट सालच्या ईस्टरला मी याच्या तळघरात गेलो होतो. हेरगिरी करायला. कोपऱ्यात एक मुलगी उभी होती, हे गाणं लागलं होतं. मी हेरगिरी विसरलो." लोक हसले. "ती मुलगी, माझी मर्ल, मार्चमध्ये गेली. तुम्हाला माहीत आहे. मंगळवारी मी तिची राख घेऊन घरी चाललोय, मँडव्हिलला. आमच्या अंगणात दगड बसवायचाय. त्यावर तिचं नाव, आणि खाली या गाण्याचं नाव, एवढंच लिहायचंय. प्रोफेसर, आपण दोघंही म्हातारे झालो. खेळ पुरे. नाव सांग."

साठ जण वळून बबनरावांकडे बघू लागले.

बबनरावांनी टर्नटेबलवरची रेकॉर्ड उचलली, पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "ही घेऊन जा. तुलाच दिली."

हॉलमध्ये हळहळ उमटली. हे केवढं दान होतं, ते रचनाला कळलं आणि तिचे डोळे भरले.

"नको," एल्डन म्हणाले. "रेकॉर्ड साउंड सिस्टिमची असते. मला नाव हवंय. दगडावर काय लिहू, 'नंबर एकोणीस'? लोकांना वाटेल, माझी एकोणिसावी बायको होती."

"थांबा, मी परत करतो!" रचनाने फोन पुढे धरला आणि पुन्हा सुई टेकवली. दहा सेकंद गाणं वाजलं. फोनने विचार केला आणि सांगितलं की हे गाणं आढळत नाही, त्याऐवजी झोप येण्यासाठीचं संगीत ऐकायचं आहे का?

"बाबा, सांगून टाका ना," राजेंद्र त्यांच्या कानाशी आला. कार्यक्रम सात मिनिटं मागे पडला होता, पण त्याचा आवाज त्यामुळे कापत नव्हता. "मी लहानपणापासून बघतोय, तुम्हाला अभिमान आहे त्याचा. पण आज नको. मर्लकाकू आहेत त्या."

बबनरावांनी बुद्धाकडे पाहिलं. तो नेहमीसारखा शांत होता, त्याची मदत होण्यासारखी नव्हती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मला ते नाव माहीत नाही. कधीच नव्हतं. व्हर्नॉनने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी खोटं बोललो, एल्डन. दरवर्षी."

एल्डननी काठी जमिनीवर आपटली. "साठ वर्षं!" ते ओरडले. "साठ वर्षं मी तुला वचकून होतो! मर्लला म्हणायचो, या माणसाच्या पोटातून गुपित काढणं सैतानाला जमणार नाही. आणि तुझ्या पोटात काही नव्हतंच?"

"नव्हतं," बबनराव म्हणाले. धम्मशीलाने पटकन खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. समोर त्यांचा सगळ्यात जुना मित्र रिकाम्या हाताने उभा होता आणि त्याला द्यायला त्यांच्याकडे आता रुबाबही उरला नव्हता. त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अहो, मला आहे माहीत," जेवणाच्या टेबलाकडून आवाज आला.

सिंधुबाई हातात सुरी घेऊन उभ्या होत्या. केक कापायला घेतलेली.

"तुला?" बबनराव म्हणाले. "तुला कसं माहीत? तू तर तेव्हा तळघरात यायचीसही नाहीस. तू वर मटण करायचीस."

"मटण मी आणि व्हर्नॉनची बायको मिस आयव्ही करायचो. आणि रेकॉर्ड कोण खरवडायचं? तुम्ही? तुम्हाला वायरीतून मान वर काढायला फुरसत कुठे होती!" सिंधुबाईंनी पदर खोचला. "बासष्टला आले तेव्हा मला एबीसीडी येत नव्हती. पार्सल आलं की मिस आयव्ही ताटात पीठ पसरायची. लेबलावरचं नाव मी बोटाने पिठात काढायचं, मोठ्याने वाचायचं, पाठ झालं की पीठ हलवायचं आणि मग लेबल खरवडायचं. कागदावर लिहायची बंदी होती. माझं पहिलं इंग्रजी तेच. दुकानात जाऊन ब्रेड मागता येत नव्हता, पण प्रेमभंगाची चाळीस गाणी येत होती."

हॉलमध्ये हशा पिकला. सिंधुबाई हसल्या नाहीत. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस येतात. सातवं चुकलंय, हे मी सकाळी सांगितलं."

रचनाने सात नंबर काढून बघितला, मग आजीकडे बघितलं. "आजी, तू आधी का नाही सांगितला?"

"मला कुणी विचारलं?"

राजेंद्रने हातातला कार्यक्रमाचा कागद घडी करून खिशात घातला. साठीला आलेल्या मुलाला आईबद्दल असं काही कळलं की वेळापत्रक आपोआप बाजूला पडतं.

"मिस सिंधू," एल्डन त्यांच्यासमोर गेले. त्यांनी हॅट काढली. "मिसेस वाहुळे. प्लीज."

"सांगते. पण इथे ओरडून नाही." सिंधुबाईंना नियम माहीत होते. त्यांनी कानाशी तोंड नेलं, पण एल्डनच्या दोन्ही कानांत मशीन होतं आणि दोन्ही शिट्टी वाजवत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर रम केक होता, गोल, काळाभोर, वर पिठीसाखर भुरभुरलेली. त्यांनी तर्जनी टेकवली आणि मधोमध, संथपणे, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. शाळकरी पोर लिहिते तसं, जीभ दातांत धरून.

बबनराव टाचा उंचावून बघायला लागले. सिंधुबाईंनी पाठ आडवी केली.

एल्डननी वाचलं. एकदा, मग ओठ हलवत दुसऱ्यांदा. त्यांच्या खांद्यांतून काहीतरी निघून गेलं. ते हसायला लागले आणि हसता हसता रडले, अगदी मोकळ्याने. "अर्थातच," ते म्हणत होते. "अर्थातच. दुसरं काय असणार?"

"वाचलंत?"

"वाचलं."

"पाठ?"

"मरेपर्यंत."

सिंधुबाईंनी सुरी आडवी धरून साखर सरसर खरवडून टाकली आणि केक कापायला घेतला. पहिला तुकडा धम्मशीलाने मागून घेतला. भाजल्यावर उडून जाते, असं तिने आजूबाजूच्यांना सांगितलं.

हॉल पाचला रिकामा झाला नाही. सहाला झाला. रचनाने सगळ्यांसमोर आजोबांची माफी मागून स्टिकर काढायची तयारी दाखवली, तेव्हा बबनराव म्हणाले, "राहू दे. फक्त तो सातवा नीट कर. आजीला विचारून."

घरी येताना राजेंद्र गाडी चालवत होता, धम्मशीला पुढे आणि रचना मागे खोका मांडीवर घेऊन. तिच्या बाजूला सिंधुबाई, पलीकडे बबनराव. नॉर्थविक पार्कचा सिग्नल लागला.

"सिंधू," बबनराव घसा खाकरून म्हणाले. "मला तरी सांगशील?"

"काय?"

"तेच. एकोणीस नंबर."

सिंधुबाई खिडकीबाहेर बघत ते गाणं गुणगुणत होत्या. त्यांनी कडवं पुरं केलं.

"राजा, दगड बसवतील तेव्हा मला जमेकाला जायचंय," त्या मुलाला म्हणाल्या. "मर्लला फुलं वाहायची आहेत. मी आले तेव्हा माझ्या अंगावर पहिला कोट तिने घातला होता, तिचा स्वतःचा." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हीही चला. दगडावर लिहिलेलं असेल. वाचता येतं ना तुम्हाला?"